विश्लेषण : सीमेवरचे आकाशयुद्ध सणसरच्या मोबाइलपर्यंत कसे पोहोचते?

सणसरपासून पाकिस्तानची सीमा सरळ रेषेत सातशे किलोमीटरहून अधिक लांब आहे. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात महाराष्ट्रात एकही क्षेपणास्त्र पडले नाही. तरीही त्याच काळात शत्रूच्या बाजूने झालेल्या यशस्वी हल्ल्यांच्या यादीत ठाणे जिल्ह्यातील एका नगरपरिषदेचे नाव आले. हा हल्ला बॉम्बचा नव्हता, संगणकावरचा होता. विमाने, ड्रोन, हॅकर आणि अफवा या चारही गोष्टी एकाच लढाईत कशा गुंफल्या गेल्या आणि इंदापूर-बारामतीसारख्या भागाने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

चार दिवसांत नेमके काय घडले?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे दहशतवाद्यांनी २६ जणांची हत्या केली. त्यात महाराष्ट्रातील सहा जण होते. त्याला उत्तर म्हणून ७ मे रोजी पहाटे १ वाजून ५ मिनिटे ते दीड या २५ मिनिटांत भारताने पाकिस्तान आणि पाकव्याप्त काश्मीरमधील नऊ दहशतवादी तळांवर मारा केला. बहावलपूर आणि मुरिदके ही जैश-ए-महंमद आणि लष्कर-ए-तैयबाची मुख्य ठाणी त्यात होती.

त्यानंतर पाकिस्तानने ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा वापर सुरू केला. भारताने ८ मे रोजी लाहोरसह काही ठिकाणच्या हवाई संरक्षण रडारवर मारा केला. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचे भारतीय लष्कराने सांगितले. उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद करण्यात आले. १० मे रोजी भारताने नूर खान, रफिकी, सरगोधा, भोलारी, जेकबाबाद अशा हवाई तळांवर हल्ले केले. त्याच दिवशी दुपारी दोन्ही देशांच्या लष्करी कारवाई महासंचालकांचे दूरध्वनीवर बोलणे झाले आणि सायंकाळी ५ पासून मारा थांबला.

सीमा न ओलांडता विमाने कशी लढली?

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वैमानिक एकमेकांच्या विमानाच्या मागे लागत आणि तोफा डागत. ७ मेच्या पहाटे तसे घडले नाही. दोन्ही बाजूंची विमाने आपापल्या हद्दीत राहून, समोरचे विमान डोळ्यांना न दिसता लढली. चिनी बनावटीच्या जे-१० सी विमानावरील पीएल-१५ क्षेपणास्त्र, फ्रान्सच्या राफेलवरील मीटिअर क्षेपणास्त्र ही अशा लांब पल्ल्याच्या लढाईची हत्यारे आहेत.

या लढाईत विमानाच्या वेगापेक्षा माहितीचा वेग महत्त्वाचा ठरतो. जमिनीवरचे रडार, हवेत फिरणारे टेहळणी विमान आणि लढाऊ विमान हे एकमेकांना सतत माहिती पुरवत असतात. एकाने पाहिलेले दुसऱ्याच्या पडद्यावर दिसते. त्यामुळे लढाऊ विमानाला स्वतःचे रडार बंद ठेवून, म्हणजे स्वतःची चाहूल लागू न देता, क्षेपणास्त्र सोडता येते. ज्याची ही साखळी अखंड, तो आधी वार करतो.

नुकसान दोन्ही बाजूंचे झाले, मात्र आकड्यांवर एकमत नाही. भारताची सहा विमाने पाडल्याचा दावा पाकिस्तानने केला. संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे २०२५ रोजी सिंगापूर येथे सुरुवातीला भारताची विमाने पडल्याचे मान्य केले, परंतु सहाचा आकडा साफ चुकीचा असल्याचे सांगितले. विमाने का पडली ते समजून घेऊन डावपेच सुधारले आणि दोन दिवसांनी पुन्हा विमाने उडवून लांबवर मारा केला, असे त्यांचे म्हणणे होते. हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग यांनी ९ ऑगस्ट रोजी बेंगळुरू येथे पाकिस्तानची किमान पाच लढाऊ विमाने आणि एक मोठे टेहळणी विमान पाडल्याची माहिती दिली. हे मोठे विमान सुमारे ३०० किलोमीटर अंतरावरून पाडले गेले, असे ते म्हणाले. पाकिस्तानने ते नाकारले.

रॉयटर्स वृत्तसंस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, पीएल-१५ चा पल्ला सुमारे १५० किलोमीटर असावा असा भारतीय बाजूचा अंदाज होता, प्रत्यक्षात तो त्याहून अधिक निघाला. हे वृत्त ग्राह्य धरले, तर पहिल्या रात्रीच्या नुकसानीमागे विमानाचा दर्जा किंवा वैमानिकाचे कौशल्य यापेक्षा शत्रूविषयीच्या माहितीतली उणीव अधिक होती, असे म्हणावे लागते.

ड्रोनचे थवे कशासाठी?

८ मेच्या रात्री आलेल्या ड्रोनपैकी बरेचसे स्फोटके न वाहणारे होते. मग ते पाठवले कशाला? भारताची रडार कुठे आहेत, कोणत्या तोफा कुठून गोळीबार करतात, किती वेळात प्रतिसाद मिळतो, हे त्यातून टिपता येते. शेतात रानडुकरे येतात का हे पाहण्यासाठी एखाद्याने अंधारात दगड भिरकावावा, तसा हा प्रकार.

येणाऱ्या प्रत्येक ड्रोनवर महागडे क्षेपणास्त्र सोडणे परवडत नाही. म्हणून भारताने जुन्या एल-७० आणि शिल्का तोफांचा मोठा वापर केला. या तोफा कित्येक दशकांपूर्वीच्या, पण त्यांना नवी रडार आणि कॅमेरे जोडलेले होते. कोणत्या लक्ष्यावर तोफ, कोणत्यावर आकाश क्षेपणास्त्र आणि कोणत्यावर एस-४०० हे ठरवण्याचे काम हवाई दलाची एकात्मिक नियंत्रण यंत्रणा आणि लष्कराची 'आकाशतीर' ही यंत्रणा करत होती. देशभरातील रडारचे चित्र एका पडद्यावर आणणाऱ्या या दोन्ही यंत्रणा भारत इलेक्ट्रॉनिक्सने तयार केल्या आहेत.

यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. आकाश क्षेपणास्त्राचा लाँचर विकसित करण्याचे काम पुण्यातील दिघी येथील डीआरडीओच्या प्रयोगशाळेचे. सुखोई-३० विमानांची जुळणी नाशिकजवळच्या ओझर येथील एचएएलमध्ये झाली आणि सुखोईला ब्रह्मोस क्षेपणास्त्र वाहून नेण्याजोगे बनवण्याचे कामही तिथेच झाले. 'नागास्त्र' हे घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणारे ड्रोन नागपुरात तयार होते. पुण्याच्या लोहगाव तळावर सुखोई आहेत आणि त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमानेही उडतात. म्हणजे सीमा लांब असली तरी शत्रूला ज्यांच्याविषयी माहिती हवी, अशी ठिकाणे आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत आहेत.

विमान आणि सायबर यांचा संबंध काय?

आधुनिक हवाई दल म्हणजे उडणाऱ्या संगणकांचे जाळे. ते जाळे बिघडवले, त्यात खोटी माहिती घातली किंवा त्यातला एक धागा तोडला, तर विमान शाबूत असूनही आंधळे होते.

याचा कटू अनुभव भारताने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी घेतला. बालाकोटच्या हल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी श्रीनगरजवळ बडगाम येथे हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर भारताच्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले. हवाई दलाच्या सहा जणांचा आणि एका नागरिकाचा त्यात मृत्यू झाला. मृतांत नाशिकचे एक अधिकारी होते. ही मोठी चूक होती, अशी कबुली तत्कालीन हवाई दल प्रमुख आर. के. एस. भदौरिया यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिली. तिथे हॅकर नव्हता. तरीही आपला कोण आणि परका कोण, हे पडद्यावर चुकीचे दिसले तर काय होते, हे त्या घटनेने दाखवले. शत्रूला हेच घडवून आणायचे असते.

त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला इलेक्ट्रॉनिक : रेडिओ लहरी दाबून टाकणे किंवा उपग्रहाचा खोटा संकेत पाठवणे. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अमृतसर आणि जम्मू परिसरात विमानांच्या जीपीएसमध्ये अडथळा आल्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले होते. दुसरा मार्ग सायबर : ईमेल, मोबाइल किंवा सॉफ्टवेअरमधून आत शिरणे. पहिल्याचा परिणाम लहरी सुरू असेपर्यंत टिकतो. दुसऱ्यात शिरलेला घुसखोर महिनोन् महिने गुपचूप बसून राहू शकतो आणि लढाई पेटल्यावर जागा होतो.

महाराष्ट्राच्या अहवालात काय आहे?

'महाराष्ट्र सायबर' या राज्य पोलिसांच्या यंत्रणेने १२ मे २०२५ रोजी 'रोड ऑफ सिंदूर' नावाचा अहवाल मांडला. पहलगाम हल्ल्यानंतर सात हॅकर गटांनी भारतातील संकेतस्थळे आणि यंत्रणांवर सुमारे १५ लाख सायबर हल्ले केले, असे त्यात म्हटले होते. हे हल्ले पाकिस्तान, बांगलादेश, इंडोनेशिया, मोरोक्को आणि पश्चिम आशियातून झाले. त्यांपैकी केवळ १५० यशस्वी ठरले.

कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचे संकेतस्थळ विद्रूप करण्यात आले, हे त्यातले महाराष्ट्राचे उदाहरण. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची माहिती चोरल्याचा आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळात शिरल्याचा हॅकर गटांचा दावा मात्र अहवालाने फेटाळला.

पुण्यातील क्विक हील कंपनीच्या सेक्राइट प्रयोगशाळेनेही या काळाचा अभ्यास केला. ७ ते १० मे दरम्यान संकेतस्थळे बंद पाडण्याच्या किंवा विद्रूप करण्याच्या ६५० हून अधिक घटना तिने नोंदवल्या. त्यामागे ३५ हून अधिक गट होते.

पंधरा लाखांत दीडशे म्हणजे दिलासा की इशारा?

टक्केवारीत पाहिले तर हे प्रमाण ०.०१ टक्का, म्हणजे दहा हजारांत एक. मात्र १५ लाख हा आकडा वाचताना सावध राहायला हवे. सायबर जगात दाराची कडी हलवून पाहणे हाही हल्ला म्हणून मोजला जातो, आणि ते काम यंत्र एका मिनिटात हजारो वेळा करते. त्यामुळे किती वेळा कडी हलली यापेक्षा कोणते दार उघडले, याला महत्त्व.

जी दारे उघडली ती बहुतेक कडेची होती. नगरपरिषदेचे संकेतस्थळ, जालंधरच्या एका परिचर्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ. अशा संस्थांकडे स्वतंत्र संगणक सुरक्षा अधिकारी क्वचितच असतो. संकेतस्थळ एकदा ठेकेदाराकडून करून घेतले जाते आणि त्याचे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे तसेच राहते. हॅकरला किल्ल्याचा दरवाजा फोडायचा नसतो, त्याला 'किल्ला पडला' असे छायाचित्र हवे असते. ते नगरपरिषदेच्या पानावरूनही मिळते. क्लाउडसेक या भारतीय कंपनीनेही त्या वेळच्या अनेक दाव्यांची तपासणी करून त्यांत अतिशयोक्ती असल्याचे म्हटले.

खरा धोका आवाज न करणाऱ्या गटांचा. 'एपीटी ३६' किंवा 'ट्रान्सपरंट ट्राइब' या नावाने ओळखला जाणारा पाकिस्तानशी संबंधित गट किमान २०१३ पासून भारतीय लष्कर आणि सरकारी कार्यालयांवर पाळत ठेवत आहे. पहलगाम हल्ल्यानंतर काही दिवसांतच त्याने या हल्ल्याच्या अहवालाचे सोंग घेतलेल्या पीडीएफ फायली पाठवायला सुरुवात केली, असे सेक्राइटने दाखवून दिले. त्यातील संकेतस्थळाच्या पत्त्याची सुरुवात जम्मू-काश्मीर पोलिसांच्या सरकारी पत्त्यासारखी होती, शेवट मात्र भलताच. घाईत वाचणारा सुरुवात वाचतो आणि फसतो. पत्ता कुणाचा हे त्याच्या शेवटावरून ठरते.

हॅकर वीज बंद पाडू शकतात का?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर प्रदेशाची वीज गेली. लोकल थांबल्या, रुग्णालयांना जनरेटरवर जावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये गलवानमध्ये चीनशी चकमक झाली होती. फेब्रुवारी २०२१ अखेरीस रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीने चीनशी संबंधित 'रेडएको' गट भारताच्या वीजक्षेत्रातील दहा संस्थांत शिरल्याचा अहवाल दिला. मुंबईतील घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्यात नमूद होते. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाचा हवाला देत घातपाताची शक्यता व्यक्त केली. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र ती मानवी चूक असल्याचे सांगितले. आजही हा प्रकार हल्ला होता, असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र वीजयंत्रणेत परक्याचा वावर होता, ही बाब त्या वादात झाकली जाऊ नये.

असे घडू शकते हे युक्रेनने दाखवले. २३ डिसेंबर २०१५ रोजी हॅकरनी तिथल्या वीज कंपन्यांत शिरून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली. काही तासांत ती परत आली, कारण कर्मचारी उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हाताने खटके चालू केले.

दुसऱ्यांच्या युद्धाची झळ महाराष्ट्रालाही बसली आहे. जून २०१७ मध्ये युक्रेनला लक्ष्य करून सोडलेला 'नॉटपेट्या' व्हायरस जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीच्या संगणकांतून तो उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलपर्यंत आला आणि तिथली कंटेनरची हाताळणी विस्कळीत झाली. रशिया-युक्रेनच्या भांडणात न्हावा शेव्याबाहेर ट्रकच्या रांगा लागाव्यात, हे सायबर युद्धाचे वैशिष्ट्य. सोडलेली गोळी कुठे जाईल, हे सोडणाऱ्यालाही ठाऊक नसते.

अफवा शस्त्र कशी ठरली?

'ऑपरेशन सिंदूर'दरम्यान सैन्याचा सुमारे १५ टक्के वेळ खोट्या कथनांचा सामना करण्यात गेला, असे जनरल चौहान यांनी सिंगापूरमध्ये सांगितले.

त्या चार दिवसांत व्हॉट्सॲपवर काय फिरत होते ते आठवून पाहा. 'एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार', 'सायबर हल्ल्यामुळे भारताची ७० टक्के वीजयंत्रणा ठप्प'. हे दोन्ही संदेश खोटे असल्याचे पत्र सूचना कार्यालयाच्या सत्यशोधन विभागाने जाहीर केले. 'डान्स ऑफ द हिलरी' नावाचा व्हिडिओ उघडला की मोबाइल हॅक होतो, असा इशारा लाखोंनी पुढे पाठवला. या नावाचा व्हायरस असल्याचा पुरावा पुढे आला नाही. गुजरातमधील हजिरा बंदरावर हल्ला झाल्याचा म्हणून फिरलेला व्हिडिओ २०२१ मधील एका टँकर स्फोटाचा निघाला. 'आर्मा ३' या संगणकीय खेळातील दृश्येही खरी लढाई म्हणून दाखवली गेली.

खोटेपणा एकतर्फी नव्हता. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी काही भारतीय वाहिन्यांनी चालवली, ती निराधार ठरली. पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याने दोन विमाने गमावल्याची कबुली दिल्याचा व्हिडिओही कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला होता. आपल्या बाजूची सुखावणारी अफवाही तितकीच घातक असते. तिच्यामुळे खरी बातमी आल्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि नेत्यांवर पुढचे पाऊल उचलण्याचा दबाव मात्र वाढतो. अण्वस्त्रे बाळगणाऱ्या दोन देशांत तो दबाव परवडणारा नाही.

सरकारने या काळात 'एक्स'ला ८ हजारांहून अधिक खाती भारतात बंद करण्याचे आदेश दिले. त्यात काही वृत्तसंस्था आणि पत्रकारांची खातीही असल्याने टीका झाली. अफवा रोखणे आणि माहिती रोखणे यांतली सीमारेषा लढाईच्या काळात पुसट होते.

सणसर-इंदापूरला याचे काय?

इथे हवाई तळ नाही. आहे तो बारामतीचा वैमानिक प्रशिक्षणाचा विमानतळ. पण या पट्ट्याचा रोजचा व्यवहार आता संगणकावर चालतो. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याला घातलेल्या उसाचे पैसे बँक खात्यात येतात. सातबारा, पीकविमा, अनुदान ऑनलाइन. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने उसासाठी उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीतील सेन्सर यांच्या आधारे कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला आहे. म्हणजे पाणी कधी द्यायचे, हेही उपग्रहाच्या माहितीवर ठरू लागले आहे. ही सोय मोलाची आहे, मात्र तिचा प्रत्येक धागा बाहेरच्या जाळ्यात गुंतलेला आहे.

सहकारी संस्था परकीय हॅकरचे लक्ष्य होऊ शकतात, याचे उदाहरण पुण्यातच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर दरोडा पडला. दोन दिवसांत ९४ कोटी रुपये काढले गेले, तेही २८ देशांतील एटीएममधून आणि हाँगकाँगच्या एका खात्यात वळवून. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने त्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. कोल्हापूरसह भारतातील एटीएममधून पैसे काढणारी प्यादी सापडली, अकरा जणांना शिक्षाही झाली. डाव टाकणारे हात मात्र देशाबाहेरच राहिले. बँकेच्या दारात कुणी बंदूकधारी आला नव्हता.

माणूस हा तर सर्वांत सोपा दरवाजा. मे २०२३ मध्ये दिघीच्याच प्रयोगशाळेच्या तत्कालीन संचालकांना दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. बनावट नावाच्या एका महिलेशी व्हॉट्सॲपवर संपर्क ठेवून संरक्षणविषयक माहिती दिल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. इतक्या वरच्या पदावर हा प्रयत्न होत असेल, तर गावातून सैन्यात गेलेल्या मुलाच्या घरचा मोबाइलही त्याला अपवाद नाही. 'पोस्टिंग कुठे, रजा कधी रद्द झाली, गाडी कुठून सुटली' ही घरगुती माहिती एकत्र केली की सैन्याच्या हालचालीचे चित्र तयार होते. म्हणूनच ९ मे २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने सैन्याच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण न करण्याची सूचना माध्यमांना आणि नागरिकांनाही दिली होती.

ड्रोनचेही तसेच. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनची चर्चा होती आणि लोक धास्तावले होते. शेतात फवारणीला, लग्नात चित्रीकरणाला, तुकोबांच्या पालखीच्या बंदोबस्तालाही ड्रोन असतो. त्यामुळे आकाशात दिवा दिसला की शत्रू, असे समजणे चूक. परवानगीचा ड्रोन कोणता आणि विनापरवाना कोणता, हे गावपातळीवर कळण्याची सोय नसणे ही खरी अडचण.

पुढे काय?

लष्करी पातळीवर हालचाली सुरू झाल्या आहेत. १५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी २०३५ पर्यंत महत्त्वाच्या ठिकाणांना हवाई संरक्षणकवच देणाऱ्या 'सुदर्शन चक्र' मोहिमेची घोषणा केली. पाकिस्तानने त्याच सुमारास स्वतंत्र रॉकेट दलाची घोषणा केली. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर रोजी निवृत्त झाल्यावर भारतीय हवाई दलाकडे मंजूर ४२ च्या तुलनेत २९ लढाऊ तुकड्या उरल्या. ती तूट भरून काढण्यासाठी ऑक्टोबरमध्ये नाशिक येथे तेजसची नवी निर्मिती साखळी सुरू झाली. सायबर कारवायांची संयुक्त युद्धनीतीही ऑगस्टमध्ये खुली करण्यात आली.

नागरी बाजू मात्र मागे आहे. सायबर हल्ला लक्षात आल्यावर सहा तासांत 'सर्ट-इन'ला कळवण्याचा नियम २०२२ पासून आहे. तो पाळायचा तर हल्ला झाला हे आधी ओळखता यायला हवे. छोट्या नगरपरिषदा, पतसंस्था, साखर कारखाने यांच्यासाठी तालुका किंवा जिल्हा पातळीवर एक सामाईक सुरक्षा पथक असणे, संकेतस्थळाची दरवर्षी तपासणी होणे, महत्त्वाच्या नोंदींची प्रत इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर ठेवणे, हे फार खर्चाचे काम नाही. युक्रेनची वीज हाताने चालणाऱ्या खटक्यांमुळे परतली. आपल्या बँकेत, कारखान्यात आणि उपकेंद्रात संगणक बंद पडला तर हाताने काम चालवता येईल का, हा प्रश्न संचालकांना आणि अधिकाऱ्यांना आजच विचारता येतो.

वाचकाच्या हातात तीन गोष्टी आहेत. अनोळखी फाइल किंवा ॲप, मग ते देशभक्तीच्या नावाने आले तरी, उघडू नये. पैशांची फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येते. आणि लढाईच्या काळात आलेला संदेश खरा आहे की नाही हे कळत नसेल, तर तो आपल्यापाशीच थांबवावा. वैमानिकाला चुकीचे चित्र दिसले की विमान पडते. गावाला चुकीचे चित्र दिसले की एटीएमपुढे रांगा लागतात, शेजाऱ्यावर संशय घेतला जातो. पुढच्या वेळी संघर्ष पेटला तर सणसरपर्यंत क्षेपणास्त्र येण्याची शक्यता कमी आहे, संदेश मात्र पहिल्या मिनिटाला येईल.